प्रकल्प नोंदी : स्मरणिकांचं वाचन आणि अडकलेल्या प्रोसेस

६ जून

वाचनालयाच्या मागच्या खोलीतलं मशीन आजपासून कामाला लागलं. उबुंटू लिनक्स, चार कोअर, आठ जीबी रॅम, शेजारी फ्लॅटबेड स्कॅनर, आणि स्कॅन साठवायला बाहेरची हार्ड डिस्क. काम ठरलेलं आहे. कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी अशा गावांतून मराठी साहित्य संमेलनं होतात. तिथल्या जुन्या स्मरणिका कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या ट्रंकेत पडून आहेत. त्या गोळा करून स्कॅन करायच्या आणि टेसरॅक्ट या चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रॅमनं त्यांतला मजकूर काढायचा, म्हणजे माणसाचं किंवा गावाचं नाव टाकलं की पान हाताला लागेल. १९५६ साली हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून इथं मराठीत काय लिहिलं गेलं, कोण बोललं, कुणी वर्गणी दिली, ते पुष्कळसं अशा पातळ पुस्तिकांतच सापडतं. वाळवीला एक प्रत मिळाली की तो मजकूर परत मिळत नाही. त्यामुळे हे काम मला नीट व्हायला हवं आहे, आणि खानापूरच्या पावसाळ्यात करंटचा भरवसा नसताना व्हायला हवं आहे.

संध्याकाळी पहिली अडचण आली. जाहिरातींचं एक पान. वर निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्याची मराठी जाहिरात, खाली संकेश्वरच्या दुकानाची कन्नड, मध्ये ठिपक्यांच्या छपाईचा काळपट फोटो. टेसरॅक्टला मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा एकदम दिल्या होत्या. ते त्या पानावर जाऊन बसलं ते उठेचना.

स्कॅनिंगला बसणाऱ्या अक्का म्हणाल्या, "हे बंदच होईना झालंय बघा. बटण दाबून धरू काय?"

"नको अक्का. त्यानं सगळंच जाईल."

बटण दाबून धरलं की मशीनला आवरायला वेळच मिळत नाही. डेटाबेसमध्ये चाललेली नोंद, डिस्कवर अर्धी लिहिलेली फाईल, शेजारी सुरळीत चाललेली तीन पानं, सगळं एका फटक्यात तुटतं. अडकलं होतं फक्त एक पान. कंट्रोल-सी दाबलं, ते सुटलं. पण उद्यापासून हे काम टर्मिनलसमोर (कमांड टाईप करायच्या खिडकीसमोर) न बसता मागे चालणार, आणि तिथं कंट्रोल-सी पोचत नाही.

म्हणून ठरवलं की मजकूर काढण्याच्या बरोबरीनं थांबवण्याची पद्धतही पक्की करायची. अक्का, रविवारी येणारी कॉलेजची पोरं, मी, कुणीही बसलेलं असो, एकच पद्धत. ही वही त्यासाठी. कमांड इथं देवनागरीत लिहितोय, टाईप करताना इंग्रजी अक्षरं वापरायची.

७ जून

थांबवण्याआधी बघायचं. आजचा दिवस एवढ्यावरच घालवला.

'पीएस -ईओ पीआयडी,पीपीआयडी,स्टॅट,ईटाईम,टाईम,सीएमडी' असं दिलं की प्रत्येक प्रोसेसची, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमची, एक ओळ येते. कालचं पान मुद्दाम परत लावून आलेली ओळ उतरवून ठेवतो:

४८२१ ४८०७ आर ४१:१० ००:४०:५२ टेसरॅक्ट पान-०३७.टिफ

पहिला आकडा या प्रोसेसचा, दुसरा तिला जन्म देणारीचा. 'आर' म्हणजे ती धावतेय. पुढच्या दोन वेळा मला सगळ्यात कामाच्या वाटतात. ईटाईम म्हणजे सुरू होऊन किती वेळ झाला, टाईम म्हणजे त्यातला किती वेळ सीपीयू खाल्ला. इथं दोन्ही जवळजवळ सारख्या, म्हणजे ती अखंड राबतेय आणि बहुतेक गोल गोल फिरतेय. उलट ईटाईम चाळीस मिनिटं आणि टाईम दोन सेकंद असता, तर ती कशाची तरी वाट बघत बसली आहे असं समजायचं, आणि मग तिला न मारता ती कशाची वाट बघतेय ते शोधायचं. निम्म्या वेळा अडचण तिथंच सुटते.

स्टॅटमधली अक्षरं अक्कांना लिहून दिली. एस म्हणजे झोपेत, सिग्नल आला तर उठेल. बहुतेक प्रोसेस कायम याच अवस्थेत असतात, त्यांना घाबरायचं कारण नाही. टी म्हणजे कुणीतरी थांबवून ठेवलेली. झेड म्हणजे संपलेली, फक्त नाव पटावर उरलेली. डी म्हणजे डिस्कसारख्या गोष्टीवर अडून बसलेली, हाक न ऐकणारी. डीबद्दल वेळ येईल तेव्हा सविस्तर.

अक्कांनी ४८२१ हा आकडा आपल्या वहीत लिहून घेतला, पुढच्या वेळी उपयोगी पडेल म्हणून. तो लिहून ठेवून उपयोग नाही. प्रोसेस गेली की आकडा मोकळा होतो आणि फिरून दुसऱ्या कुणाला तरी मिळतो. लिनक्सची जुनी मर्यादा ३२,७६८ होती. आताच्या ६४ बिटच्या मशीनवर ती बहुधा ४१,९४,३०४ असते, म्हणजे फेरा लांब पडतो, पण मशीन परत सुरू केलं की मोजणी पहिल्यापासूनच. कालच्या आकड्यावर आज किल चालवलं तर भलतंच काहीतरी मरेल. आकडा त्या क्षणी बघायचा आणि त्या क्षणी वापरायचा.

१० जून

रविवारच्या पोरांपैकी एक आज मधल्या दिवशीच आला. अडकलेलं पान बघून म्हणाला, "दादा, सरळ नऊ मारूया की."

त्याला कॉलेजात तेवढंच शिकवलेलं. पुष्कळांना तेवढंच माहीत असतं, म्हणून इथं जरा थांबून लिहितो.

किल ही कमांड नावावरून वाटतं तशी थेट मारत नाही. ती सिग्नल पाठवते. नुसतं 'किल ४८२१' म्हटलं तर १५ नंबरचा, सिगटर्म. त्याचा अर्थ "आवरा आता." प्रोग्रॅमनं तशी सोय केलेली असेल तर तो हातातली फाईल बंद करतो, तात्पुरत्या फायली पुसतो, फाईलवरचं कुलूप (लॉक) सोडतो आणि जातो. कंट्रोल-सी दाबलं की २ नंबरचा, सिगइंट. टर्मिनल बंद पडलं की १ नंबरचा, सिगहप. हे सगळे प्रोग्रॅमला ऐकू येतात, आणि त्यावर काय करायचं ते तो ठरवू शकतो.

९ नंबरचा सिगकिल मात्र प्रोग्रॅमपर्यंत जातच नाही. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याला परस्पर उचलून फेकतो. आवरायला क्षणभरही मिळत नाही. उघड्या फायली कर्नल बंद करतो, मेमरी परत घेतो, पण प्रोग्रॅमच्या मनात जे होतं, अजून डिस्कवर न लिहिलेलं, ते गेलं. तात्पुरत्या फायली तिथंच पडून राहतात. कुलपाची फाईल तशीच राहते, आणि पुढच्या वेळी प्रोग्रॅम सुरू करायला गेलं की तो म्हणतो, दुसरं कुणीतरी आधीच उघडून बसलंय.

तेव्हा क्रम असा: आधी १५, मग दम धरायचा, मग परत पीएस बघायचं, आणि तरीही हललं नसेल तरच ९. किती दम, हे त्या प्रोसेसच्या हातात काय आहे त्यावर. नुसतं एक चित्र वाचणाऱ्या टेसरॅक्टला दहा सेकंद पुष्कळ झाले. डेटाबेसला मिनिटं द्यावी लागतात.

पोरानं विचारलं, "आणि ऐकलं की नाही हे कसं कळायचं?" चांगला प्रश्न. 'किल -०' दिलं की कुठलाच सिग्नल जात नाही, फक्त तो आकडा जिवंत आहे का आणि आपल्याला त्यावर अधिकार आहे का एवढं तपासलं जातं. आणि प्रोसेस गेल्यावर शेलमधला (कमांड घेणाऱ्या प्रोग्रॅममधला) निकालाचा आकडा बघायचा. सिग्नलनं गेलेली असेल तर १२८ अधिक सिग्नलचा नंबर. १४३ दिसलं तर १५ नं गेली, १३७ दिसलं तर ९ नं. आपण काहीच न करता १३७ दिसू लागलं, तर मेमरी संपल्यामुळे कर्नलनंच कुणाला तरी बाहेर काढलंय का ते डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, बघायचं. आठ जीबीत चार टेसरॅक्ट आणि उघडा ब्राउझर असला की ही शंका आधी घ्यायची.

१३ जून

आकड्याऐवजी नावानं थांबवायच्या कमांड: पीकिल आणि किलऑल. सोयीच्या आहेत, आणि म्हणूनच जपून वापरायच्या.

पीकिल नुसतं नाव बघतं, आणि कर्नलकडे नावाची पहिली १५ अक्षरंच असतात. टेसरॅक्ट चालवणाऱ्या आमच्या मूळ स्क्रिप्टचं (कमांडच्या फाईलचं) नाव इंग्रजीत त्याहून लांब होतं, त्यामुळे पूर्ण नाव देऊन एकही जुळेना. '-एफ' लावलं तर पूर्ण कमांडची ओळ बघितली जाते, मग जुळतं. पण मग नको ते पण जुळतं. पीग्रेप सिग्नल न पाठवता नुसती जुळणाऱ्यांची यादी देतं. आज 'पीग्रेप -एएफ स्मरणिका' करून यादी काढली, तर त्यात स्क्रिप्ट होतीच, शिवाय अक्कांनी नॅनो या एडिटरमध्ये उघडलेली 'स्मरणिका-यादी' पण होती. त्या यादीत त्यांनी सकाळपासून बसून लेखकांची नावं भरलेली, अजून सेव्ह केलेली नाहीत. पीकिल -एफ सरळ चालवलं असतं तर एडिटरलाही सिग्नल गेला असता.

नियम: पीकिलच्या आधी त्याच शब्दांनी पीग्रेप -एएफ. यादी वाचायची. मोठ्यानं वाचायची. मगच पुढं.

स्क्रिप्टचं नाव बदलून छोटं केलं: पान-वाच.

१७ जून

आज असं एक वागणं समोर आलं की त्यामुळेच माणसं ९ कडे वळतात, असं मला वाटतं.

पान-वाच ही बॅश या शेलची स्क्रिप्ट आहे. ती टेसरॅक्ट चालवते आणि संपल्यावर मजकूर जागेवर ठेवते. मी तिच्यात ट्रॅप घातला होता: सिगटर्म आला की तात्पुरती फाईल पुसायची, पानाचं नाव 'उरलेली' यादीत टाकायचं, मग जायचं. तपासायला स्क्रिप्टला १५ पाठवला. काहीच झालं नाही. परत पाठवला. तरी नाही. पोरगा माझ्याकडे बघायला लागला, आता तरी नऊ मारू या म्हणून.

ती बहिरी नव्हती. बॅश एखादी कमांड चालवून ती संपायची वाट बघत असेल, तर ट्रॅप लगेच चालत नाही. सिग्नल लक्षात ठेवला जातो आणि ती कमांड संपल्यावर ट्रॅप चालतो. आणि ती कमांड म्हणजे नेमकं अडकलेलं टेसरॅक्ट.

इथं ९ दिला तर काय होतं ते मुद्दाम करून दाखवलं. स्क्रिप्ट गेली. टेसरॅक्ट तसंच चालू राहिलं. पीएसमध्ये त्याच्या पालकाचा आकडा बदलून १ झाला, कारण पोरकी झालेली प्रोसेस साधारणपणे पहिल्या प्रोसेसकडे दत्तक जाते. म्हणजे जिच्याकडे आवरायची अक्कल होती ती मारली, आणि जी अडकली होती ती सीपीयू खात बसली, वर तिला विचारणारंही कुणी उरलं नाही. पंखा तेवढाच जोरात. पोरानं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. त्यानंतर तो क्रम विसरणार नाही असं वाटतं.

आणि कंट्रोल-सी पहिल्या दिवशी कसं चाललं? कारण टर्मिनल तो सिग्नल समोर चाललेल्या सगळ्या गटाला एकदम देतं, पालक आणि पोर दोघांना. किल मात्र सांगितलेल्या एकाच आकड्याला देतं.

मार्ग दोन. एक, स्क्रिप्टमध्ये टेसरॅक्ट मागे टाकायचं आणि 'वेट' म्हणून वाट बघायची. वेटमध्ये असताना सिग्नल आला तर बॅश लगेच जागं होतं, आणि ट्रॅपमधून पोर-प्रोसेसला, म्हणजे टेसरॅक्टला, १५ पाठवता येतो. दुसरा, किलला उणे चिन्ह लावून गटाचा आकडा द्यायचा, म्हणजे सगळ्या गटाला सिग्नल जातो. सध्या पहिला घेतलाय.

१८ जून

झेड अवस्थेतल्या तीन ओळी बघून अक्का घाबरल्या. घाबरायचं काही नाही. ती प्रोसेस आधीच संपलेली आहे. तिचा निकाल पालकानं अजून वाचलेला नाही, म्हणून पटावर नाव आहे. मेमरी नाही, सीपीयू नाही. तिला किल लागत नाही, कारण मारायला आत काही उरलेलंच नाही. फार साचायला लागल्या तर पालकाकडे बघायचं.

२४ जून

रात्रभर पाऊस. सकाळी व्होल्टेज इतकं खाली की ट्यूबलाईट लागेना. मशीन यूपीएसवर आहे, पण बाहेरच्या हार्ड डिस्कचा ॲडॉप्टर भिंतीच्या सॉकेटमध्ये होता. मी बेळगावात होतो, फोनवर पोरगं.

"दादा, आता १५ दिला, थांबलो, मग ९ दिला. तरी हलेना. दोन आहेत."

"स्टॅटमध्ये काय आहे?"

"डी."

"मग काहीच करू नको. डिस्कचा दिवा बघ."

दिवा लुकलुकत होता. डी म्हणजे ती प्रोसेस कर्नलच्या आत, डिस्कच्या उत्तराची वाट बघत अडकलेली असते. तिथून तिला मधेच काढलं तर डिस्क आणि मेमरीचा हिशेब चुकेल, म्हणून त्या अवस्थेत कर्नल सिग्नल पोचवत नाही. ९ सुद्धा नाही. पण पाठवलेला सिग्नल वाया जात नाही, तो खोळंबून राहतो. डिस्कचं उत्तर आलं, किंवा कर्नलनं नाद सोडून चूक कळवली, की तो लागू होतो. एका विनंतीला लिनक्स साधारणपणे ३० सेकंद देतो, मग डिस्क रीसेट करून परत प्रयत्न करतो, त्यामुळे हे सगळं काही मिनिटं चालू शकतं. डीमेसेजमध्ये रीसेटच्या ओळी येत होत्या. थोड्या वेळानं दोन्ही प्रोसेस आपोआप गेल्या, आधी दिलेल्या ९ नं.

परत परत ९ पाठवून त्यात काही फरक पडला नसता. आणि अशा वेळी वैतागून केबल उपटणं हे सगळ्यात वाईट, कारण डिस्कवर लिहिणं अर्धं असू शकतं.

पोरानं ॲडॉप्टर यूपीएसला लावला. प्रोसेस मरत नाही या तक्रारीचं उत्तर सॉकेटमध्ये होतं. डीच्या ओळी परत दिसल्या तर आधी वायर, दिवा, डीमेसेज.

२८ जून

आता चार पानं एकदम चालवायची. यादीतली नावं एक्सआर्ग्सला, म्हणजे प्रत्येक नावासाठी कमांड चालवणाऱ्या कमांडला, द्यायची आणि '-पी ४' म्हणायचं, म्हणजे एका वेळी चार. टेसरॅक्ट स्वतःही धागे (एकाच प्रोग्रॅममधली एकदम चालणारी कामं) वाढवून सगळे कोअर घेऊ बघतं. चार एकदम चालवताना त्याला एका धाग्यावर बांधायचं, नाहीतर सोळा धागे चार कोअरवर भांडत बसतात आणि काम उलट हळू होतं.

एक गोष्ट जपायला हवी होती. एक्सआर्ग्सनं थेट चालवलेली कमांड सिग्नलनं मेली, तर एक्सआर्ग्स पुढची पानं घेतच नाही, १२५ हा निकाल देऊन अख्खं काम सोडतं. म्हणजे एका पानाला किल केलं की रात्रभराची रांग बंद. पण कमांड १ ते १२५ पैकी निकाल देऊन परतली, तर एक्सआर्ग्स ते लक्षात ठेवून पुढं जातं. म्हणून मध्ये पान-वाच हवंच. टेसरॅक्टचं काहीही होवो, पान-वाच सभ्यपणे १ देऊन परतते आणि पान 'उरलेली'त टाकते.

आणि अडकलेल्या पानाला रात्री कोण किल करणार? त्यासाठी टाईमआउट, वेळेची मर्यादा लावणारी कमांड. 'टाईमआउट -के ३० ६००' म्हणजे दहा मिनिटांनी १५, आणि त्यानंतर तीस सेकंदांत गेली नाही तर ९. हाच आपला क्रम, फक्त आपण झोपलेलो असतानाही चालणारा. मजकूर आधी तात्पुरत्या नावानं लिहितो आणि पूर्ण झाल्यावरच नाव बदलतो. त्यामुळे कुठल्याही क्षणी काहीही तुटलं तरी मजकुराच्या फोल्डरमध्ये अर्धवट पान कधीच दिसणार नाही. थांबवण्याची पद्धत कितीही चांगली असली तरी करंट कुणाला विचारून जात नाही. हे नाव बदलणं त्यासाठी आहे.

३ जुलै

दिवसा अक्का स्कॅन करत असताना मशीन जड जातं. पोरांनी सुचवलं की सकाळी सिगस्टॉप द्यायचा, संध्याकाळी सिगकॉन्ट. स्टॉप हाही ९ सारखाच, प्रोग्रॅमला नाकारता न येणारा, पण मारत नाही, जागच्या जागी गोठवतो. कल्पना चांगली होती. करून बघितलं.

सिगकॉन्ट दिल्याबरोबर चारही पानं 'उरलेली'त. कारण टाईमआउटचं घड्याळ खऱ्या वेळेवर चालतं. गोठलेलं असतानाही दहा मिनिटं भरली, आणि जागं होताच त्यानं पहिलं काम केलं ते १५ पाठवण्याचं. शिवाय गोठवलेली प्रोसेस सीपीयू सोडते, मेमरी सोडत नाही. स्कॅनिंगला मेमरीच हवी होती.

त्यापेक्षा एक्सआर्ग्सचीच एक सोय चांगली निघाली. त्याला सिगयूएसआर२ पाठवला की एका वेळी चालणारी पानं एकानं कमी होतात, सिगयूएसआर१ नं एकानं वाढतात. चालू पानाला धक्का लागत नाही, ते पुरं होतं, फक्त त्याच्या जागी नवीन घेतलं जात नाही. एकाच्या खाली जात नाही. सकाळी तीनदा यूएसआर२, संध्याकाळी तीनदा यूएसआर१. अक्कांनी आज दोन्ही करून बघितलं, जमलं.

सिग्नल फक्त एक्सआर्ग्सलाच गेला पाहिजे: 'पीकिल -यूएसआर२ -एक्स एक्सआर्ग्स'. ज्या प्रोग्रॅमनं या सिग्नलची सोय केलेली नाही, तो यूएसआर२ मिळाल्यावर सरळ मरतो. नाव पूर्ण जुळावं म्हणून ते '-एक्स' विसरायचं नाही.

८ जुलै

बेळगावातून एसएसएच करून, म्हणजे नेटवरून मशीनला जोडून, काम सुरू केलं, नेट गेलं, काम पण गेलं. जोडणी तुटली की सिगहप येतो. नोहप लावून तो टाळता येतो, पण मग थांबवताना परत सगळी शोधाशोध. शिवाय टाईमआउट आपला वेगळा गट करतो, त्यामुळे उणे आकड्यानं गटाला सिग्नल द्यायची युक्तीसुद्धा त्याच्या पोटातल्या टेसरॅक्टपर्यंत पोचत नाही.

म्हणून हे सगळं सिस्टिमडीची, म्हणजे मागे चालणारी कामं सुरू-बंद करणाऱ्या लिनक्सच्या व्यवस्थेची, सेवा करून टाकलं. आता 'सिस्टिमसीटीएल स्टॉप' म्हटलं की त्या सेवेनं सुरू केलेल्या सगळ्या प्रोसेसना, पोरं-नातवंडं धरून, गट कुठलाही असो, १५ जातो. ठरलेला वेळ थांबून जे उरलं असेल त्यालाच ९. हा वेळ मुळात ९० सेकंद असतो, आमच्या कामाला पुरतो, बदलला नाही. टेसरॅक्टला थेट १५ मिळाल्यामुळे ते जातं, मग पान-वाचचा ट्रॅप चालतो, पान यादीत जातं. १७ तारखेचं दुखणं इथं मुळातच उरत नाही.

सेवेला परत आपोआप सुरू व्हायला सांगितलेलं असेल तर किलनं मारलेली ती पुन्हा उभी राहते, आणि मरतच नाही असं वाटतं. सेवा स्टॉपनंच थांबवायची.

१५ जुलै

यादीचा डेटाबेस पोस्टग्रेसमध्ये आहे. आज एका लेखकाचं नाव दुरुस्त करताना खिडकी अडकली. पोस्टग्रेसच्या पुष्कळ प्रोसेस पीएसमध्ये दिसतात. त्यातल्या एकीला ९ देणं हा सगळ्यात महागडा मार्ग. त्या सगळ्या एकच मेमरी वाटून घेतात. एक अचानक मेली तर मुख्य प्रोसेसला ती मेमरी बिघडली असेल असंच धरावं लागतं, मग ती बाकी सगळ्यांनाही काढते आणि लॉगवरून सगळं परत उभं करते. एकाला मारायला जाऊन सगळ्यांच्या जोडण्या जातात.

डेटाबेसच्या आतून विचारलं. कोण काय करतंय ते दाखवणाऱ्या पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटीमध्ये दिसलं की दुसऱ्या लॅपटॉपवर एक व्यवहार (ट्रान्झॅक्शन) उघडून तसाच ठेवलेला, त्याचं कुलूप त्या ओळीवर. चालू प्रश्न (क्वेरी) रद्द करायला पीजी-कॅन्सल-बॅकएंड आहे, पण इथं प्रश्न चालूच नव्हता, नुसता व्यवहार उघडा होता, म्हणून पीजी-टर्मिनेट-बॅकएंड लागलं. नाव लगेच दुरुस्त झालं.

पूर्ण पोस्टग्रेस बंद करताना एक लक्षात ठेवायचं: तिथं मुख्य प्रोसेसला १५ दिला तर ती सगळे आपणहून जाईपर्यंत थांबते, २ दिला तर चालू व्यवहार मागे घेऊन लवकर बंद होते. इथं २ हा १५ पेक्षा घाईचा आहे.

१९ जुलै

स्कॅनिंगचा लॅपटॉप विंडोजचा. स्कॅनरचा प्रोग्रॅम गोठला. तिथं 'टास्कलिस्ट' नं आकडा बघायचा आणि 'टास्ककिल /पीआयडी' द्यायचा. नुसतं दिलं तर खिडकीला बंद व्हायची विनंती जाते, न सेव्ह केलेलं असेल तर तो विचारू शकतो. '/एफ' लावलं की जबरदस्ती, '/टी' लावलं की तिच्या पोर-प्रोसेससकट. क्रम तोच.

२६ जुलै

मशीनच्या वर भिंतीला कागद लावला. अक्कांनीच स्वच्छ अक्षरात लिहिला. आधी ओळ बघणे, स्टॅट बघणे. सेवा असेल तर स्टॉप. डेटाबेस असेल तर आतून. बाकीचं असेल तर १५, थांबणे, परत बघणे, मग ९. डी असेल तर डिस्क. पॉवर बटणाला हात लावायची वेळ आली तर आधी फोन. खाली त्यांनी स्वतःहून एक ओळ घातली: "पीकिलच्या आधी नॅनोतलं सेव्ह करणे." ती राहू दिली.

२ ऑगस्ट

पहिल्या कपाटातल्या स्मरणिका वाचून झाल्या. 'उरलेली' यादी बघितली. जवळजवळ सगळी जाहिरातींची पानं, आणि जवळजवळ सगळी दहा मिनिटांच्या मर्यादेत अडकलेली. म्हणजे मर्यादा वाढवून उपयोग नाही. फोटोचे ठिपके काढून, पान वरची जाहिरात आणि खालची जाहिरात असं कापून, मराठीला मराठी आणि कन्नडला कन्नड असं वेगवेगळं द्यायचं. पान-०३७ वर करून बघितलं. मराठी तुकडा लगेच निघाला, तंबाखू व्यापाऱ्याच्या दुकानाचा जुना पत्ता नीट वाचता येतो. कन्नड तुकड्यात जोडाक्षरं चुकतायत. हायस्कूलच्या कन्नड शिकवणाऱ्या सरांना दाखवायचं ठरलं, ते रविवारी येतो म्हणालेत. पोरांनी तोवर बाकीची पानं कापून ठेवायची.